सुट्टीतली कूटलेखन कार्यशाळा: पाच सकाळी, एक लाटणं आणि चौकटीची वही

आंये लाग्वासश आखेध.

पहिल्या दिवशी सकाळी फळ्यावर एवढंच लिहा आणि खुर्चीत जाऊन बसा. पाच मिनिटं कुणी काही बोलत नाही. मग मागच्या बाकावरून प्रश्न येतो, "सर, ही कानडी आहे का?" आणखी थोड्या वेळाने कुणाचं तरी बोट शेवटच्या शब्दावर जातं. 'आखेध'. पहिलं अक्षर 'आ', दुसऱ्यावर मात्रा, शेवटी एक साधं अक्षर. "सर, हे 'आहेत' असेल." कार्यशाळा तिथून सुरू झाली असं समजायचं. तुम्ही अजून एक शब्दही शिकवलेला नसतो, आणि तेच बरं.

गेली काही वर्षं मी आठवी-नववीच्या मुलांसाठी सुट्टीत पाच दिवसांची कूटलेखनाची, म्हणजे क्रिप्टोग्राफीची कार्यशाळा घेतोय. संगणक लागत नाही, वीज गेली तरी अडत नाही. ज्यांना आपल्या शाळेत किंवा वाचनालयात अशी कार्यशाळा घ्यायची आहे, त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर लिहितो आहे. माझी पद्धत एका ओळीत मावते: प्रत्येक कूट मुलांनी अभिमानाने बनवायचं आणि शेजारच्या गटाने ते मधल्या सुट्टीच्या आत फोडायचं. व्याख्यान नंतर, तेही दहा मिनिटांचं.

तयारी

वेळ सकाळी आठ ते पावणेअकरा ठेवा, म्हणजे ऊन चढायच्या आत मुलं घरी पोचतात. परीक्षा संपल्यानंतरचा पहिला आठवडा गाठा, नाहीतर निम्मी मुलं मामाच्या गावाला गेलेली असतात. चोवीस मुलं पुष्कळ झाली. चार-चारांचे सहा गट करा. गट तुम्ही पाडा. मुलांवर सोडलंत तर गणितात हुशार असलेली सगळी एकाच बाकावर जमतात आणि बाकीच्या पाच गटांचा उत्साह मावळतो.

सामान फार नाही. प्रत्येकाला चौकटीची वही (रेघी वही चालत नाही, एका चौकटीत एकच अक्षर ही शिस्त इथे फार महत्त्वाची), पेन्सिल, खोडरबर. लग्नपत्रिकांचे जुने पुठ्ठे, टाचण्या, कात्री. पत्र्याची एक छोटी पेटी आणि दाबून बंद होणारी दोन कुलुपं. गटागणिक एक साधा कॅल्क्युलेटर. आणि प्रत्येक गटाने घरून एक लाटणं आणायचं. निरोपात 'लाटणं' वाचून पालकांचे फोन येतात, तेवढी तयारी ठेवा.

पहिल्याच दिवशी फळ्याच्या कोपऱ्यात एक नियम लिहा आणि पुसू नका: या वर्गात बनवलेलीच कुटं फोडायची. एका वर्षी एका मुलाने घरी जाऊन वडिलांच्या मोबाइलचा चार आकडी पिन ओळखला. वाढदिवसच होता तो. दुसऱ्या दिवशी वडील वर्गाच्या दारात उभे. हसत होते, पण मला तो प्रसंग पुन्हा नको आहे.

पहिला दिवस: लाटणं आणि सरकणारी कवर्गाची गाडी

सुरुवात लाटण्यापासून. कागदाची बोटभर रुंदीची लांब पट्टी लाटण्यावर तिरकी गुंडाळायची, वेढे एकमेकांना चिकटून. लाटण्याच्या लांबीच्या दिशेने निरोप लिहायचा आणि पट्टी सोडवायची. अक्षरं विखुरतात. प्राचीन ग्रीसमध्ये स्पार्टाच्या लोकांकडे अशी काठी होती असं ग्रीक लेखक सांगतात. पट्टी शेजारच्या गटाला द्या. त्यांच्या लाटण्यावर ती वाचता येत नाही, कारण त्यांचं लाटणं जाड असतं. 'किल्ली' म्हणजे काय हे यानंतर वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पद्धत सगळ्यांना माहीत आहे, पट्टीही हातात आहे, अडलंय ते फक्त लाटण्याच्या जाडीवर.

मग 'च'च्या भाषेकडे या. पहिलं अक्षर शेवटी आणि पुढे 'च': 'मला' म्हणजे 'चलाम'. ही सगळ्यांना येते, म्हणूनच ती उपयोगाची. यात किल्ली कुठे आहे, असं विचारा. किल्ली नाहीच. पद्धत कळली की सगळं कळलं. अशा कुटाचं आयुष्य एक दुपार.

आता फळ्यावरचं वाक्य. व्यंजनं ओळीने लिहून घ्या: क ते म पंचवीस, मग य र ल व श ष स ह ळ. एकूण ३४. 'क'ला ०, 'ळ'ला ३३ असे आकडे द्या. क्ष आणि ज्ञ जोडाक्षरं आहेत, त्यांना वेगळी जागा नको. प्रत्येक व्यंजन तीन घरं पुढे सरकवायचं, काना-मात्रा आणि स्वर जागच्या जागी. ब, भ, म, य. म्हणजे 'ब'चा 'य'. 'ळ' ३३ वर आहे, तीन पुढे ३६, त्यातून ३४ गेले, उरले २, म्हणजे 'ग'. घड्याळात अकरानंतर तीन तासांनी दोन वाजतात, तसंच. 'आंबे माळ्यावर आहेत' याचं 'आंये लाग्वासश आखेध' असं होतं. तीन घरांची ही सरकवण्याची रीत ज्युलियस सीझर वापरत असे.

पुठ्ठ्याच्या दोन चकत्या कापून, मधे टाचणी खुपसून, ३४ घरांचं चक्र बनवायला अर्धा तास जातो. जाऊ द्या. घरं कोनमापकाने मोजून पाडायला सांगू नका, ३६० ला ३४ ने पूर्ण भाग जात नाही आणि मुलं तिथेच अडकतात. चौतीस सारख्या चौकटींची एक पट्टी कापून तिचं कडं करायचं, ते पुठ्ठ्यावर ठेवून खुणा करायच्या. किंवा चक्र सोडाच, दोन सरकत्या पट्ट्यांवर काम भागतं.

मधल्या सुट्टीआधी फोडाफोडी. 'आखेध' म्हणजे 'आहेत' असेल तर 'ह'चा 'ख' झाला. ह, ळ, क, ख. तीन घरं. किल्ली सापडली, बाकीचं वाक्य आपोआप उलगडतं. मराठी वाक्य 'आहे'वर संपायला फार उत्सुक असतं आणि हीच त्याची कमजोरी. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या एनिग्मा यंत्राचे निरोप फोडणारे इंग्रज नेमकं हेच करत: निरोपात 'हवामान' हा शब्द असणारच, तो कुठे बसतो ते बघा. ही गोष्ट इथे सांगितली तर मुलं विसरत नाहीत.

दुसरा दिवस: महानुभाव, राजवाडे आणि मोजणी

हा माझा सर्वांत आवडता दिवस, म्हणून याला थोडा जास्त वेळ द्या.

आज सरकवणं नाही. प्रत्येक गटाने हवं ते अक्षर हव्या त्या खुणेने बदलायचं: त्रिकोण, चांदणी, काहीही. अशा किती किल्ल्या होतील ते मोजायला सांगा. पहिल्या अक्षराला ३४ पर्याय, दुसऱ्याला ३३, मग ३२... गुणाकार कॅल्क्युलेटरच्या पडद्याबाहेर जातो. मुलं खूश होतात: आता कोण फोडतंय!

इथे महानुभावांची गोष्ट सांगा. चक्रधरस्वामींच्या पंथाचे ग्रंथ अनुयायांनी सांकेतिक लिप्यांमध्ये लिहून ठेवले. सकळ लिपी, सुंदरी लिपी ही त्यातली नावं. शेकडो वर्षं पोथ्या मठांमध्ये होत्या आणि बाहेरच्या माणसाला त्यातलं अक्षर लागत नव्हतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला आणि जुन्या मराठीचा एक मोठा खजिना अभ्यासकांना खुला झाला. गोष्ट संपली की विचारा: कशी फुटत असेल अशी लिपी? आणि वर्तमानपत्र वाटा.

प्रत्येक गटाला अग्रलेखाचा एक मोठा परिच्छेद, किमान चारशे-पाचशे अक्षरांचा. यापेक्षा लहान उतारा दिलात तर मोजणी फसते. प्रत्येक व्यंजन किती वेळा आलं ते उभ्या रेघांनी मोजायचं, पाचवी रेघ आडवी. जोडाक्षरं सुटी करून: 'प्र' म्हणजे एक प, एक र. इथे दरवर्षी एकच घोळ होतो आणि तो 'र'चा. 'सूर्य'मधला रफार, 'प्रकाश'मधली तिरकी रेघ, 'राष्ट्र'मधली खालची टोपी, 'वाऱ्यावर'मधला अर्धा ऱ्य, सगळे 'र'च. मुलं निम्मे 'र' मोजतच नाहीत. एका गटातल्या मुलीने हे आधी ओळखलं आणि बाकीच्या पाच गटांच्या मोजण्या चुकीच्या ठरवल्या. त्या दिवशी मराठीच्या बाई असत्या तर त्यांनी तिला बक्षीस दिलं असतं.

सहाही गटांचे आकडे फळ्यावर शेजारी शेजारी मांडा. उतारे वेगळे, विषय वेगळे, तरी वरची पाच-सहा व्यंजनं जवळपास तीच निघतात, आणि ङ, ञ, झ, ढ तळाशी. मात्रा मोजल्यात तर काना पुढे पळतो. खुणा बदलल्या तरी ही लोकसंख्या बदलत नाही. सर्वांत जास्त दिसणारी चांदणी म्हणजे 'र' किंवा 'त' असणार, मग दोन अक्षरी शब्द, मग वाक्याच्या शेवटचं आपलं 'आहे'. ही मोजणीची युक्ती नवव्या शतकात बगदादमध्ये अल-किंदी या विद्वानाने लिहून ठेवली. प्रचंड संख्येने किल्ल्या असूनही कूट एका सकाळीत फुटतं, हा धक्का मुलांना बसू द्या.

वात्स्यायनाने चौसष्ट कलांच्या यादीत 'म्लेच्छितविकल्प' ही सांकेतिक लेखनाची कला घातली आहे. तिच्यावरच्या टीकेत मूलदेवीय नावाची रीत येते: क आणि अ यांची अदलाबदल, ख-ग, घ-ङ, च-ट, त-प, न-म, य-श, र-ष, ल-स. गृहपाठाला ही द्या. 'सर' लिहिलं की 'लष' होतं, त्यामुळे तुमचं बारसं होणार हे धरून चाला. बहिर्जी नाईकांचा विषयही याच दिवशी निघतो. निघू द्या.

तिसरा दिवस: गडाच्या नावाची किल्ली

कालची मोजणी चुकवायची कशी? एकच अक्षर दर वेळी वेगळ्या अंतराने सरकवायचं. किल्ली एक शब्द. समजा 'राजगड': र २६, ज ७, ग २, ड १२. निरोपाचं पहिलं व्यंजन २६ घरं, दुसरं ७, तिसरं २, चौथं १२, पाचव्याला पुन्हा २६. आपल्या आंब्यांच्या वाक्याचं 'आंणे साख्घापळ आकेल' होतं. इटलीच्या बेलासोने १५५३ मध्ये ही रीत छापली, नाव मात्र व्हिजनेर या फ्रेंच माणसाचं लागलं. ही फुटणार नाही असं लोक कैक पिढ्या मानत होते. १८६३ मध्ये कासिस्कीने तिचा उपाय छापला.

आठवीच्या मुलांना कासिस्कीची पूर्ण रीत जड जाते. त्याऐवजी हे करा. 'आकेल' म्हणजे 'आहेत' धरा. ह ते क दोन घरं, म्हणजे किल्लीतलं अक्षर 'ग'. त ते ल बारा घरं, म्हणजे 'ड'. किल्ली 'गड'वर संपतेय! महाराष्ट्रातल्या मुलाने निवडलेली किल्ली दुसरी कशी असणार? वर्गात एकच ओरडा होतो: रायगड! लावून बघा. निघतं 'आंबे छाळ्यावझ आहेत'. सगळं जुळत आलं आणि 'झ'ने घात केला. मग कुणीतरी राजगड लावतं आणि 'छा'चा 'मा' होतो, 'झ'चा 'र'. हे उदाहरण जसंच्या तसं वापरा, मला ते योगायोगाने सापडलं आणि तेव्हापासून मी बदललेलं नाही.

यातून दोन गोष्टी मुलंच सुचवतात: शब्दांमधली जागा काढून टाकायची, आणि किल्ली मनातली नको, चिठ्ठ्या उचलून ठरवायची. दुसरी सूचना आली की पुढे न्या. किल्ली निरोपाइतकीच लांब, पूर्णपणे चिठ्ठ्यांवर सोडलेली, आणि एकदाच वापरून फाडून टाकायची. अशी रीत कधीच फोडता येत नाही, हे क्लॉड शॅनन यांनी सिद्ध केलं. मात्र सरकवताना काना-मात्रा उघड्याच राहिल्या तर तेवढं बाहेर फुटतं, हे मुलांकडून काढून घ्या.

उरलेल्या वेळात पारदर्शक कागदांचा खेळ. मोनी नाओर आणि आदी शमीर यांनी १९९४ मध्ये मांडलेली ही रीत: काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचे दोन कागद, एकेकटे बघितले तर नुसता चुरा, एकमेकांवर ठेवले तर चित्र. चौकटीच्या वहीवर हातानेही होतं. प्रत्येक ठिपक्याची जागा दोन अर्ध्यांत विभागायची आणि पहिल्या कागदावर नाणं उडवून एक अर्धं काळं करायचं. चित्रात ती जागा पांढरी असेल तर दुसऱ्या कागदावरही तेच अर्धं, काळी असेल तर उरलेलं. पारदर्शक कागदावर प्रती काढायच्या असतील तर दोन्ही एकाच यंत्रावर, एकामागून एक काढा. मी एकदा दोन दुकानांतून काढल्या. एक प्रत केसभर मोठी आली, आणि चोवीस मुलांसमोर मी अर्धा तास कागद सरकवत बसलो.

चौथा दिवस: उघडं कुलूप

आतापर्यंत प्रत्येक वेळी किल्ली आधी पोचवावी लागत होती. अनोळखी माणसाशी कसं बोलायचं? पेटी काढा. पहिला गट चिठ्ठी आत टाकून आपलं कुलूप लावतो आणि पेटी पाठवतो. दुसऱ्याकडे त्याची किल्ली नाही. काय करायचं? दहा मिनिटं थांबा, सांगू नका. शेवटी कुणीतरी सुचवतं: आपलंही कुलूप लावून परत पाठवू, ते त्यांचं काढतील, मग पेटी पुन्हा आपल्याकडे, आता आपलं काढू. कडीत दोन कुलुपं मावतात ना हे आदल्या रात्री बघून ठेवा.

मग आकड्यांत. १७ आणि ३ हे दोन आकडे सगळ्यांना माहीत. एक मुलगी मनात ६ धरते, ३ चा सहावा घात काढून १७ ने भागते, बाकी १५, ती मोठ्याने सांगते. दुसरा मुलगा मनात ७ धरतो, त्याची बाकी ११, तोही ओरडतो. आता ती ११ चा सहावा घात घेते, तो १५ चा सातवा. दोघांचीही बाकी ८. सगळ्या वर्गाने सगळं ऐकलं, तरी ८ फक्त दोघांकडे आहे. १९७६ मध्ये व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी ही कल्पना जाहीर केली. १७ सारख्या लहान संख्येत सगळे घात काढून चोराला उत्तर मिळतं, हेही मुलांना करून बघू द्या.

पुढच्या वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी उघड्या कुलपाची रीत दिली. कुलूप वाटून टाकायचं, दाबून बंद कुणीही करावं, उघडायची किल्ली एकाकडेच. ३ आणि ११ या मूळ संख्या घ्या, गुणाकार ३३. 'ळ' बाजूला ठेवला तर आपली व्यंजनंही ३३, हा नशिबाचा भाग. कुलूप: आकड्याचा घन करा, ३३ ने भागा, बाकी घ्या. 'म' २४ वर आहे. २४ चा घन १३,८२४, बाकी ३०, म्हणजे 'ष'. उघडताना सातवा घात: ३० चा सातवा घात केला तर साधा कॅल्क्युलेटर हात टेकतो, म्हणून प्रत्येक गुणाकारानंतर लगेच बाकी घ्यायची सवय लावा. ३० च्या वर्गाची बाकी ९, ९ च्या वर्गाची १५. आता १५ गुणिले ९ गुणिले ३०, म्हणजे चौथा, दुसरा आणि पहिला घात मिळून सातवा; शेवटची बाकी २४. 'म' परत आला.

सात कुठून आला? ३ आणि ११ मधून प्रत्येकी एक वजा केला, २ आणि १०, गुणाकार २०. तीन साते एकवीस, २० पेक्षा एकाने जास्त. इतकं पुरे, सिद्धता दहावीनंतर.

क, ख, ट, ठ, ड, फ, ब, भ, ह ही नऊ अक्षरं या कुलपात जशीच्या तशी राहतात. मुलांना हे शोधू द्या, "सर, तुमचं कुलूप मोडकं आहे" असं म्हणू द्या. मग ८६३३ चे दोन मूळ अवयव शोधायला लावा. दहा-पंधरा मिनिटं जातात. ८९ गुणिले ९७ करायला मात्र अर्धा मिनिट. १९७७ मध्ये १२९ अंकी संख्येचं असंच आव्हान दिलं होतं. ती फुटायला १९९४ उजाडलं, तेही शेकडो लोकांनी आपापले संगणक कामाला लावले तेव्हा. आज वापरात असलेल्या अशा संख्या सहाशेहून जास्त अंकी असतात.

पाचवा दिवस: पिन आणि शोधाशोध

पहिला तास पिनचा. चार आकडी पिन दहा हजार. पण तारीख-महिना धरला तर फक्त ३६६. मुलं घरी जाऊन आईबाबांचे पिन बदलायला लावतात, कार्यशाळेचा एवढा फायदा शेजारीपाजारीही मान्य करतात. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही हे इथेच जाता जाता सांगा. कूट कितीही मजबूत असलं तरी माणसाने फोनवर किल्ली वाचून दाखवली तर काय उपयोग!

नंतर शाळाभर शोधाशोध: सहा ठिकाणी चिठ्ठ्या, दर चिठ्ठी वेगळ्या रीतीने, शेवटची लाटण्याची. चिठ्ठ्या आदल्या रात्री स्वतः सोडवून बघा. माझ्या एका चिठ्ठीत 'ळ' धरायचा राहिला होता आणि दोन गट पाण्याच्या टाकीऐवजी मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरले.

गेल्या वर्षी निरोप घेताना एका गटाने माझ्या हातात एक चिठ्ठी ठेवली. शब्दांत जागा नाही, 'आहे'चा मागमूस नाही, गडाची सगळी नावं लावून झाली. रात्री नऊला किल्ली सापडली, 'बटाटेवडा'. मजकूर होता: सर तुमचा डबा वर्गात राहिलाय.